वाट कोणी सोडायची?

सायकलस्वाराला गाडीने उडवल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हेल्मेट होते का? गाडी किती वेगात होती, चौकाची आखणी कशी होती, वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला आपल्या बाजूला कोण आहे ते दिसत होते का, हे प्रश्न मागाहून येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. हेल्मेट नव्हते असे कळले की ऐकणाऱ्यांचे एक प्रकारे समाधान होते. मेलेल्याच्या हिशेबात चूक जमा झाली, प्रकरण मिटले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला हा प्रकार आहे.

माझे म्हणणे असे, की सायकलच्या सुरक्षिततेची आपली सगळी चर्चा उलट्या टोकापासून सुरू होते. ज्याच्या हातून दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते त्याने जास्त सांभाळायचे, हे पहिले कलम असायला हवे. हेल्मेट, जाकीट, हातमोजे ही त्याच्या खूप नंतरची कलमे. आणि हे मान्य केले तर सायकलस्वारांना न आवडणारी एक गोष्टही मान्य करावी लागते: डांबरी रस्ता सोडून आपण डोंगरातल्या, रानातल्या पायवाटेवर सायकल घातली की तिथे आपण दुबळे राहत नाही. तिथे मोटार आपणच असतो.

आधी हेल्मेटचे बघू, कारण त्याच्या बाजूनेही आणि विरोधातही फार आरडाओरडा चालतो. हेल्मेटच्या आतला जाड थर थर्माकोलच्याच जातीचा असतो. डोके आपटले की तो चिरडतो, आणि चिरडायला जे काही सहस्रांश सेकंद लागतात तेवढ्यात डोक्याचा वेग उतरतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुलत नाही; म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी ते टाकून द्यायचे. युरोपच्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट चढवलेले नकली डोके सपाट पोलादी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आदळवतात. हा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दीड मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येतो तेवढा. आतल्या डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींत राहिला की हेल्मेट पास. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या (सीपीएससी) मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण याच उंचीवर असते. हेल्मेट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो अपघात आहे तो हाच: माणूस सायकलवरून पडला आणि डोके जमिनीला लागले. ताशी साठने येणाऱ्या बसची धडक त्या चाचणीत नाही.

म्हणून हेल्मेट निरुपयोगी आहे असे जे म्हणतात त्यांच्याशी माझे अजिबात पटत नाही. ऑलिव्हिए आणि क्रायटन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये चाळीस अभ्यासांतली, चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र करून तपासली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या इजेची शक्यता जवळपास निम्मी होती आणि गंभीर इजेची शक्यता साधारण ६९ टक्क्यांनी कमी होती. एवढा पुरावा असताना ‘हेल्मेटने काही होत नाही’ म्हणणे हा हट्ट झाला. हेल्मेट घातल्यावर मोटारी आपल्याला जास्त खेटून पुढे जातात, हा दावाही हेल्मेटविरोधकांच्या तोंडी नेहमी असतो. त्याचा उगम इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे; सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावून त्यांनी दोन हजारांहून जास्त गाड्यांची नोंद केली होती. फरक निघाला तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी करणाऱ्यांना तो निष्कर्ष पटला नाही. असल्या पायावर मी तरी इमारत उभी करणार नाही.

मग कायदाच का करू नये? इथे व्यक्तीला दिलेला सल्ला आणि समाजाला लावलेला नियम यांत फरक करावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. असा कायदा जगात पहिलाच. न्यूझीलंडने १९९४ मध्ये तेच केले. व्हिक्टोरियात हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले, त्याबरोबर मेलबर्नच्या रस्त्यांवरच्या मोजणीत किशोरवयीन सायकलस्वारांची संख्या बरीच घटलेलीही दिसली. त्या घटीत कायद्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहेत. पण पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये सक्ती उठवली, इस्रायलने २०११ मध्ये शहरांतल्या प्रौढांसाठी ती रद्द केली, अमेरिकेतल्या सिएटलच्या किंग काउंटीने २०२२ मध्ये कायदाच मागे घेतला. या ठिकाणी कोणाला हेल्मेटचा राग नव्हता. चौकातून उचललेली भाड्याची सायकल दहा मिनिटे चालवून परत लावणाऱ्या माणसाजवळ हेल्मेट नसते, आणि किंग काउंटीत तर दंडाचा बडगा बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर जास्त पडत होता. सायकलवर माणसे कमी झाली की उरलेल्यांना धोका वाढतो, हे पीटर जेकबसेन यांनी २००३ मध्ये निरनिराळ्या शहरांचे आणि देशांचे आकडे मांडून दाखवले होते: जिथे सायकली जास्त, तिथे दर सायकलस्वारामागे अपघात कमी. चालकांना सायकल दिसायची सवय लागते, हे त्याचे एक साधे कारण.

नेदरलँड्सचे उदाहरण या वादात इतक्या वेळा येते की वाचकाला कंटाळा येतो. पण त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. तिथले लोक हेल्मेटशिवाय फिरतात आणि सुखरूप असतात, असे सांगून गोष्ट संपवतात. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती, हे सांगायचे राहून जाते. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी राहिली. मोटारीसाठी रुंद केलेले रस्ते पुन्हा अरुंद झाले, वस्तीतल्या गल्ल्यांत गाडीने माणसाच्या चालीने जावे असा नियम आला, सायकलला वेगळी पट्टी मिळाली. आता वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास असतात. कायद्यातही एक तरतूद आहे: मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर नुकसानभरपाईचा भार मुळात मोटारमालकावर. सायकलस्वार चौदा वर्षांखालचा असेल तर जवळपास सगळाच भार. याचा अर्थ चालक दरवेळी गुन्हेगार ठरतो असा नाही. हा फौजदारी मामला नव्हे, विम्याच्या पैशाचा आहे. पण भरपाई आपल्या विम्यातून जाणार हे ठाऊक असलेला चालक वळणावर एकदा जास्त मान वळवून बघतो, असे मला वाटते.

त्याच देशातून उलट दिशेचाही एक पुरावा येतो, आणि तो लपवणे लबाडी होईल. २०२२ मध्ये तिथे रस्त्यांवर मेलेल्या ७३७ जणांपैकी सुमारे २९० सायकलस्वार होते, आणि त्यांत वयस्कांचा वाटा मोठा होता. विजेवर चालणारी, जड आणि वेगवान सायकल सत्तरीच्या माणसाच्या हाती आली की नुसते पडणेही जिवावर बेतते. तिथले डॉक्टर आता हेल्मेटचा आग्रह धरू लागले आहेत, आणि तो योग्यच आहे. सुरक्षित रस्ता एक काम करतो, हेल्मेट दुसरे. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्याने पहिल्याची जागा घेण्याला.

वेगाचे गणित तर शाळेतल्या पुस्तकातले आहे. ताशी तीसऐवजी पन्नासने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर पन्नासची गाडी तेवढ्यात सुमारे चौदा मीटर पुढे आलेली असते. कोरड्या रस्त्यावर तीसची गाडी साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबलेली असते. जिथे एक गाडी थांबते तिथे दुसरीचे ब्रेक अजून लागायचेच असतात. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने मिसळतात तिथे ताशी तीसची मर्यादा असावी असे म्हटले आहे. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या, दर दिशेला एकच पट्टी असलेल्या रस्त्यांवर ती आणलीही. कोणतेही हेल्मेट हे काम करू शकत नाही.

ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून एक उतरंड लिहून ठेवली आहे. जे सर्वांत जास्त हानी करू शकतात त्यांनी इतरांचा धोका कमी करण्याची सर्वांत जास्त जबाबदारी घ्यायची. वर अवजड वाहने, मग मोटारी, मोटारसायकली, मग सायकली आणि घोडेस्वार, आणि सर्वांत जपायचा तो पायी चालणारा. सायकलप्रेमी मंडळींनी या बदलाचे जोरात स्वागत केले. त्या उतरंडीत आपल्याही खाली कोणी आहे, याची आठवण मात्र फारशी निघाली नाही.

या मांडणीवर नेहमीचा आक्षेप असतो: मोठ्यावर भार टाकला की लहान मोकाट सुटतात. सिग्नल तोडणारे, उलट्या दिशेने येणारे, अंधारात दिव्याशिवाय फिरणारे सायकलस्वार सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण जबाबदारी जास्त असणे याचा अर्थ समोरच्याची शून्य असणे असा होत नाही. उभ्या मोटारींच्या रांगेपासून दार उघडेल एवढे अंतर राखून जाणे, वळू पाहणाऱ्या ट्रकच्या बगलेत न शिरणे, हे सायकलस्वाराने केलेच पाहिजे. ट्रकच्या चालकाला खिडकीखालचा मोठा भाग दिसतच नाही. पण सायकलस्वाराची चूक झाली तर जीव बहुधा त्याचाच जातो आणि मोटारचालकाची चूक झाली तर दुसऱ्याचा, हा फरक नियम लिहिताना विसरता येत नाही.

आता पायवाटेकडे.

इथे सगळे उलटे होते. नव्वद-शंभर किलोचा सायकल आणि स्वार यांचा जोड उतारावरून ताशी तीसने येतो आहे. समोर ताशी चारने चालणारी एक बाई, तिच्यासोबत एक लहान मूल, कदाचित कुत्रा. पायी चालणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर ही टक्कर रस्त्यावरच्या टकरीइतकीच विषम आहे. आणि मोटारीविषयी आपण जे जे म्हणतो, ‘अंगावर येतात’, ‘हॉर्न वाजवला की जणू रस्ता त्यांच्या मालकीचा’, ‘थोडा वेग कमी करायला काय जाते’, ते सगळे शब्द पायवाटेवरचे लोक सायकलस्वारांविषयी वापरतात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपल्याला रस्त्यावर चटकन दिसते. स्वतःच्या डोळ्यातले मुसळ बघायचे तर रानात जावे.

डोंगरी सायकलचा खेळ ज्या भागात वाढला, त्या कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीनेच हा वाद आधी भोगला. १९७६ च्या ऑक्टोबरात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तिथल्या एका कच्च्या उतारावर वेळ लावून शर्यती सुरू केल्या. काही वर्षांतच पायी फिरणारे आणि घोडेस्वार संतापले, अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या आणि उरलेल्या रुंद वाटांवर ताशी पंधरा मैल, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटर, अशी मर्यादा आली. आंधळ्या वळणावर आणि कोणाला ओलांडताना फक्त पाच मैल. वनरक्षक रडार घेऊन उभे राहू लागले. अमेरिकेच्या वनखात्याने १९८४ मध्ये आपल्या संरक्षित अरण्यक्षेत्रांत सायकलला स्पष्ट बंदी घातली. १९८८ मध्ये डोंगरी सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली ती बंदीच्या या धास्तीतूनच, आणि तिने वाटेवरचे नियम लिहून काढले: उघड्या ठेवलेल्या वाटांवरच जा, खुणा मागे ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, वाट द्या, जनावरांना घाबरवू नका, तयारीनिशी निघा.

या नियमांना शिष्टाचार म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. शिष्टाचार म्हटले की वाटते, पाळला तर सौजन्य, नाही पाळला तर एवढे काही बिघडत नाही. पण यातल्या बहुतेक नियमांमागे शुद्ध यंत्रशास्त्र आहे. सायकलस्वाराने चालणाऱ्याला वाट द्यायची, कारण थांबण्याचे अंतर त्याचे मोठे आहे आणि धक्का बसला तर तो समोरच्याला जास्त बसणार. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा पॅडल मारून सुरू होणे कठीण. उतरणाऱ्याला ब्रेक सोडला की झाले. शिवाय चढणारा दमलेला, नजर पुढच्या चाकाजवळच्या दगडांवर लागलेली. त्याला तुम्ही दिसण्याआधी तुम्हाला तो दिसायला हवा.

घोडा समोर आला तर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या दोन्ही सायकलस्वारांनी थांबायचे, सायकलवरून उतरायचे, उताराच्या बाजूला उभे राहायचे आणि बोलायचे. हो, बोलायचे. वरच्या बाजूला उभी असलेली, डोक्यावर विचित्र कवटी आणि चकाकते डोळे असलेली मुकी आकृती घोड्याला शिकारी जनावर वाटू शकते. माणसाचा आवाज ऐकला की त्याला कळते, हा माणूसच आहे. घोडा बुजला तर घोड्यावरचा पडतो, आणि ते पडणे दीड मीटरहून जास्त उंचीवरून असते.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम मात्र फलकावर क्वचित दिसतो: जेवढे दिसते आहे त्याच्या आत थांबता आले पाहिजे. वळणापलीकडचे दहाच मीटर दिसत असतील तर ताशी तीसने जाणाऱ्याला सव्वा सेकंदही मिळत नाही, आणि सुट्या मातीवर ब्रेक डांबरासारखे लागत नाहीत. समोरूनही सायकलच येत असेल तर ते दहा मीटर दोघांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. २०१६ मध्ये मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतच्या वाटेवर एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलाने त्याला मारले. चौकशी करणाऱ्या समितीने त्याचा वेग आणि झाडीमुळे तुटलेली नजर यांवर बोट ठेवले. अस्वल दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत त्याच्या हाती एक-दोन सेकंद होते. तिथे अस्वल होते म्हणून बातमी झाली. इतर ठिकाणी त्या वळणावर एखादे मूल असते.

घंटीविषयी एक वेगळाच गैरसमज आहे. घंटी वाजवली की आपले कर्तव्य संपले, आता समोरच्याने बाजूला व्हावे, असे मानून वेग तसाच ठेवणारे पुष्कळ. घंटी ही सूचना आहे, हुकूम नव्हे. ती लांबून, आधी वाजवायची, मग वेग चालण्याइतका उतरवायचा, नजरानजर झाली की पुढे जायचे. ऐकू न येणारी, कानात गाणी घातलेली किंवा घाबरून नेमक्या चुकीच्या बाजूला उडी मारणारी माणसे असतातच. मागे आणखी चार जण असतील तर ते तोंडाने सांगावे; पहिला गेला की वाट मोकळी झाली असे चालणाऱ्याला वाटते आणि तो मधोमध येतो. स्वतःच्या कानात बोळे घालून पायवाटेवर जाणाऱ्या सायकलस्वाराविषयी मी लिहीत नाही. छापण्याजोगे काही सुचत नाही.

वाटेच्या नासाडीचा आरोप मात्र तपासून घ्यायला हवा. सायकलींनी वाट उखडते, हे पायी फिरणाऱ्यांचे आवडते कारण. विल्सन आणि सेनी यांनी १९९४ मध्ये मोंटानातल्या वाटांवर चालणारे, घोडे, सायकली आणि मोटारसायकली यांची तुलना केली. माती सर्वांत जास्त सुटी झाली ती घोड्यांच्या टापांनी, आणि चालणाऱ्यांनीही चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. तेव्हा हा दोष सरसकट सायकलवर टाकता येत नाही. पण ओल्या चिखलात घातलेले चाक सलग चर पाडते, आणि पुढच्या पावसात पाणी त्या चरातून ओढ्यासारखे वाहते. डबके चुकवायला कडेने गेले की वाट दरवर्षी हातभर रुंद होते. मागचे चाक घसरवत वळण घेणाऱ्यांना ते कौशल्य वाटते. खरे तर जाम झालेल्या चाकाची पकड कमीच होते आणि माती मात्र खरवडली जाते. वाट ओली असेल तर त्या दिवशी जाऊ नये. एवढे साधे आहे, म्हणूनच बहुधा कोणी पाळत नाही.

तरीही माझ्या मते मातीचा वाद हा खऱ्या तक्रारीचा आडोसा आहे. खरी तक्रार दचकण्याची आहे. निवांत चालायला आलेल्या माणसाला दर दहा मिनिटांनी मागून काही तरी येईल या धास्तीने मान वळवावी लागली, तर टक्कर एकही न होता त्याची वाट हिरावली गेली. रस्त्यावर सायकलस्वारांचेही नेमके हेच झाले आहे. आकडेवारीत ते मेलेले नसतात. ते घरी बसलेले असतात.

मग साधने. साधने निवडताना दुकानातल्या भिंतीकडे बघून सुरुवात करू नये. आपण कुठे आणि किती वेगाने जाणार आहोत, पडलो तर कशावर पडणार, आणि आपल्यामुळे कोणाला त्रास होऊ शकतो, यावरून करावी. सपाट रस्त्यावर सावकाश जाणाऱ्याला साधे, मानकावर उतरलेले हेल्मेट पुरते. दगडांच्या उतारावर वेगाने जाणाऱ्याला हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्याला कवच हवे. महाग हेल्मेट जास्त वाचवते असे गृहीत धरू नये. अमेरिकेतली व्हर्जिनिया टेक संस्था २०१८ पासून सायकलच्या हेल्मेटांना तारे देते, त्या यादीत स्वस्त हेल्मेटेही वरच्या रांगेत बसलेली दिसतात. किंमत बरीचशी वजन, हवा खेळण्याची सोय आणि नाव यांची असते. तिरकस आपटल्यावर डोके गर्रकन फिरते आणि मेंदूला पीळ बसतो, तो कमी करायला काही हेल्मेटांत आत थोडा सरकणारा थर असतो. तो असल्यास चांगले. पण या सगळ्यापेक्षा हेल्मेट डोक्यावर नीट बसणे महत्त्वाचे. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील एवढी जागा. कपाळ उघडे टाकून मागे सरकवलेले हेल्मेट नेमके जिथे आपटायचे तिथेच नसते.

हातमोज्यांची थट्टा होते, पण पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि तळव्याची सोललेली कातडी पंधरा दिवस काही धरू देत नाही. लांब जाणाऱ्यांनी गादीची चड्डी आतल्या कपड्याशिवाय घालावी. शिवण काचते ती आतल्या कपड्याचीच. पाणी, पंप, जादा ट्यूब यांबद्दल सगळेच लिहितात. ब्रेकच्या झिजलेल्या पॅडांबद्दल कमी लिहितात आणि मला ते हेल्मेटच्या आधीचे वाटते: ब्रेक हे दुसऱ्यालाही वाचवणारे साधन आहे.

दिसण्याबाबत मात्र पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे ६,८०० सायकलस्वारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला भडक पिवळे जाकीट दिले आणि वर्षभर अपघातांची नोंद घेतली. जाकीटवाल्यांना दुसऱ्याशी टक्कर होऊन झालेल्या इजा ४७ टक्क्यांनी कमी होत्या. संशोधकांची सचोटी पुढे आहे. जाकीटवाल्यांनी एकट्याने पडण्याचे प्रसंगही कमी कळवले होते, आणि जाकीट त्यात काही करू शकत नाही. म्हणजे कळवण्यातच थोडा कल होता. तो वजा करून त्यांनी आकडा ३८ टक्क्यांवर आणला. तरी तो मोठाच आहे. रंगाचा उपयोग मात्र दिवसाउजेडी; चमकणारा रंग सूर्यातल्या अतिनील किरणांवर झळकतो आणि रात्री साधा होऊन बसतो. रात्री उपयोगी पडते ती मोटारीचा उजेड परत फेकणारी पट्टी, आणि तीही पाठीपेक्षा घोट्यावर आणि गुडघ्यावर. वर-खाली हलणारे दोन ठिपके बघताच मेंदू ओळखतो की समोर पॅडल मारणारा माणूस आहे.

पुढचा दिवा मात्र खाली झुकवा. हजार ल्युमेनचा झोत समोरून चालत येणाऱ्याच्या डोळ्यांत मारणारा सायकलस्वार, हेडलाइट डोळ्यांत मारणाऱ्या मोटारीला शिव्या देण्याचा अधिकार गमावून बसतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोतही वर कापलेला असावा असा नियम आहे; तो सगळीकडे असायला हरकत नाही.

आता विजेच्या सायकली पायवाटांवर येत आहेत. युरोपात त्यांची मोटर २५० वॉटची आणि ताशी पंचवीस किलोमीटरला मदत थांबवणारी. अमेरिकेत या सायकलींचे वर्ग पाडले आहेत; पहिल्या वर्गाला ताशी वीस मैलांपर्यंत मदत मिळते, तिसऱ्याला अठ्ठावीस. यावरून सायकलस्वारांतच तट पडले आहेत. पॅडलवाले म्हणतात, ही मोटारसायकलच, हिला बंदी करा. हा तोच सूर आहे जो घोडेस्वारांनी पूर्वी त्यांच्याविषयी लावला होता. गुडघे गेलेल्या माणसाला मोटरच्या मदतीने चढ चढता येत असेल तर ते मला चांगलेच वाटते. उतारावर मोटर काही करत नाही, तिथे सगळ्या सायकली सारख्याच धोक्याच्या. चढावर मात्र नवी अडचण आहे: चढणारा हळू असतो या समजावर वाट देण्याचा नियम उभा होता, आणि आता ताशी वीस किलोमीटरने वर येणारा भेटतो. तेव्हा बंदी वाहनाच्या जातीवर न घालता मर्यादा वेगावर घालावी, गर्दीच्या अरुंद वाटांवर काही दिवस सायकलींना आणि काही चालणाऱ्यांना द्यावेत, उताराच्या खास वाटा एकेरी कराव्यात. ही मागणी चालणाऱ्यांनी करण्याआधी सायकलस्वारांच्या मंडळांनी लेखी करावी, मर्यादेचा आकडाही स्वतःच सुचवावा. वनाधिकाऱ्याला वेळापत्रक आखायला, वेग मोजायला माणसे लागतात. बंदीला एक फलक आणि दोन खांब पुरतात.